एनडीएतला परदेशी कॅडेट सुट्टीत आमच्या गावी येतोय, काय तयारी करू?

वेचणीवाली
नमस्कार मंडळी.
माझा भाचा खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, चौथ्या टर्ममध्ये आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घरची शेती, कापूस आणि तूर. या टर्म ब्रेकला तो एकटा येणार नाही, त्याच्या स्क्वाड्रनमधला (अकादमीतली राहण्याची तुकडी) कोर्समेट सोबत येणार आहे. हा मुलगा आफ्रिकेतल्या एका देशाचा. त्याच्या सरकारनं निवडून इथं पाठवलंय. तीन वर्षं खडकवासला, मग पुढचं ट्रेनिंग, मग परत जाऊन स्वतःच्या देशाच्या सैन्यात अधिकारी. विमानाचं भाडं एवढं की दर सुट्टीला घरी जाणं त्याला जमत नाही. मागच्या सुट्टीत पुण्यातच आपल्या देशाच्या एका विद्यार्थ्याच्या खोलीवर राहिला. भाचा म्हणाला, "मावशी, माझं घर असताना तो खोलीत कायले राहील?"

बहिणीनं लगेच हो म्हटलं. पण आता घरात विचार सुरू झालाय. परदेशी माणूस घरी ठेवायला पोलिसांना कळवावं लागतं का? तो खाईल काय? आणि सगळ्यात मोठी काळजी गावाची. आमच्या गावानं आफ्रिकन माणूस फक्त टीव्हीवर पाहिलाय. कोणी काही बोललं, पोरं मागं लागली, तर त्या मुलाला काय वाटेल?

ही मुलं एकोणीस-वीस वर्षांची असतात. अकादमी त्यांना कवायत शिकवते, पोहायला शिकवते, डिग्री देते. पण उद्या तो तिकडं मोठा अधिकारी झाला आणि कोणी विचारलं भारत कसा आहे, तर तो कोणाचं तरी घर आठवून सांगेल. ते घर आमचं असेल तर नीट असावं, एवढंच मनात आहे. अनुभवी लोकांनी सांगा.
[येण्याची तारीख, गाडी आणि गावाचं नाव काढलं आहे. – संपादक मंडळ]

माजी_सुभेदार
ताई, आधी संपादकांचे आभार. कॅडेट आपला असो की परदेशी, तो कधी, कुठल्या गाडीनं, कुठं जाणार हे उघड्यावर लिहायचं नसतं. देशाचं नाव तुम्ही घातलं नाही हे बरं केलं.

आता कागदाचं. सुट्टीत कुठं राहणार ते कॅडेटला अकादमीत कळवावंच लागतं. परदेशी मुलाच्या बाबतीत ही परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. भाच्याला सांगा, डिव्हिजनल ऑफिसरशी, म्हणजे त्याच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याशी, आताच बोल, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको. तुमच्या भावजींचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि नातं त्या अर्जात असू द्या.

दुसरं, फॉर्म सी (2025 च्या नव्या नियमांत याला फॉर्म III म्हणतात, लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे). परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की तो पोचल्यापासून 24 तासांत यजमानानं फॉर्म सी भरायचा असतो. हॉटेललाच नाही, घरालाही हा नियम आहे. ऑनलाइन भरतात, पासपोर्ट-व्हिसाचा तपशील आणि फोटो लागतो. जिल्ह्यात विदेशी नागरिक नोंदणीचं काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून चालतं. मुलगा यायच्या आधीच कोणीतरी यवतमाळला जाऊन विचारून यावं. गावच्या पोलीस पाटलांना आणि बीट जमादाराला पण आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर कोणी फोन केला तरी त्यांना माहीत असेल.

गावाची काळजी करता ते बरोबर आहे, त्यावर सवडीनं लिहितो.

कास्तकार_बावा
ताई, पाहुण्याले माझा इरोध नाई, पाहुणा देव. पण एक गोष्ट मले समजत नाई, ते कोणी समजावून सांगा. आमच्या वर्धा-यवतमाळची पोट्टी रात्रंदिवस अभ्यास करतात, ग्राउंड मारतात, तरी त्यायले एनडीएत जागा भेटत नाई. अन् बाहेरच्या देशाचं पोट्टं ना परीक्षा देते ना काई, सरळ येऊन बसते. आपल्या पोट्ट्यायची जागा जाते का नाई हे? अन् खर्च कोण करते? आपणच ना?

गणिताचे_सर
बावा, प्रश्न रास्त आहे, म्हणून आकड्यांनिशी उत्तर देतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो आणि एनडीएला बसणारी मुलं दरवर्षी माझ्याकडे असतात.

यूपीएससी वर्षातून दोनदा एनडीएची परीक्षा घेते. जाहिरातीत एनडीएसाठी 370 जागा असतात: लष्कर 208, नौदल 42, हवाई दल 120. या सगळ्या गुणवत्ता यादीतून भरल्या जातात. परदेशी कॅडेट या 370 मध्ये धरलेला नसतो. त्याच्या देशाचं सरकार त्याला नामनिर्देशित करतं, दोन सरकारांत बोलणं होतं, आणि तो वेगळ्या वाटेनं येतो. त्यामुळे तो आला म्हणून आपल्या मुलाचा नंबर एकानंही खाली जात नाही. खर्चाचं म्हणाल तर काही देशांचा भारत सरकार उचलतं, काही देश आपला आपण भरतात.

नेपाळच्या मुलांचं मात्र वेगळं आहे. ती यूपीएससीच्याच परीक्षेला बसू शकतात, जाहिरातीत पात्रतेत 'नेपाळची प्रजा' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात आणि गैरसमज वाढतो.

आपली पोरं मागं पडतात त्याचं कारण दुसरीकडे आहे आणि ते मला रोज दिसतं. लेखी परीक्षा 900 गुणांची, त्यात गणित 300 आणि सामान्य क्षमता 600, या 600 मध्ये 200 इंग्रजीचे. पुढे एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, आणखी 900. माझी मुलं गणितात कमी नाहीत. पण इंग्रजीत गळतात, आणि एसएसबीला पाच दिवस अनोळखी मुलांसोबत राहून बोलायचं म्हटलं की गप्प होतात. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्व प्रशिक्षण संस्था 1977 पासून आहे, पण आपल्यापासून किती लांब. चंद्रपूरची सैनिक शाळा 2019 ला सुरू झाली. राग धरायचा तर या उशिरावर धरा, आफ्रिकेतून आलेल्या मुलावर नको.

कास्तकार_बावा
हाव सर, समजलं. 370 वेगळे अन् ते वेगळे. हे आमच्या इकडं कोणालेच माईत नाई. माह्या पुतण्या दहावीले हाय, त्याले तुमच्याकडं पाठवतो.
तरी एक राह्यलंच. आपल्या देशाले याचा फायदा काय?

खडकवासला_ते_देहरादून
बावा, याचं उत्तर एनडीएच्या मुख्य इमारतीवरच लिहिलेलं आहे. मी मूळचा अकोला जिल्ह्यातला, एनडीए आणि मग आयएमए (देहरादूनची भारतीय सैन्य अकादमी) करून सैन्यात होतो, आता निवृत्त.

एनडीएचा फोटो पाहिला असेल तर तो मोठा घुमट आठवेल. त्या इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, इटालियन फौजांविरुद्ध सुदान आणि इरिट्रियात भारतीय चौथी आणि पाचवी डिव्हिजन लढल्या. केरेनची लढाई त्यातलीच, आणि 'केरेन' हा युद्धसन्मान आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावावर आहे. सुदानच्या सीमेवरच बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत सलग चार दिवस सुरुंग काढत फौजेच्या पुढे राहिले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या मदतीची आठवण म्हणून सुदाननं 1 लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले 70,000 भारताच्या वाट्याला आले आणि त्यातून ही इमारत उभी राहिली. 1959 मध्ये तिचं उद्घाटन सुदानच्याच राजदूतांनी केलं. म्हणजे आपली राष्ट्रीय अकादमी ज्या छताखाली शिकते त्यात एका आफ्रिकन देशाचे पैसे आहेत. आफ्रिकेतला कॅडेट तिथं फुकट्या म्हणून येत नाही.

दुसऱ्या बाजूनं बघा. इथिओपियाची हरारची मिलिटरी अकादमी भारतीय अधिकाऱ्यांनी उभी केली. नायजेरियाची डिफेन्स अकादमी 1964 ला सुरू झाली तेव्हा तिचे पहिले कमांडंट भारतीय ब्रिगेडियर होते, एम. आर. वर्मा. नायजेरियाचे पुढे दोनदा राष्ट्रप्रमुख झालेले मुहम्मदु बुहारी 1973 मध्ये तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या आपल्या स्टाफ कॉलेजात शिकले. देहरादूनच्या आयएमएतून 30 हून अधिक देशांचे अधिकारी बाहेर पडलेत. असा माणूस तिकडं निर्णयाच्या खुर्चीवर बसतो तेव्हा भारताचा माणूस त्याला अनोळखी वाटत नाही. याची किंमत रुपयांत काढता येत नाही, पण संकटात नागरिक बाहेर काढायचे असतात किंवा शांतिसेनेत शेजारी तळ असतो, तेव्हा ती कळते.

आता वेचणीवाली ताईंसाठी, मुलगा कुठून येतोय ते समजावं म्हणून थोडं. परदेशी कॅडेटला अकादमीत वेगळा कोपरा देत नाहीत. त्याच स्क्वाड्रनमध्ये, त्याच कॅबिनच्या रांगेत, तोच रगडा. पहिल्या टर्मला त्याचे हाल आपल्या मुलांपेक्षा दुप्पट, कारण ड्रिलचे हुकूम हिंदीत. 'दाहिने मुड' म्हटल्यावर सगळी रांग उजवीकडे आणि हा एकटा समोर बघत उभा, असं मी पाहिलंय. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांचा आवाज चढायचा. मग रात्री, दिवे मालवायच्या आधी, आमच्यातला एक जण कॉरिडॉरमध्ये उभा राहून हळू आवाजात हुकूम म्हणायचा आणि तो बनियनवर, अनवाणी पायानं, फरशीवर वळून वळून सराव करायचा. टाच आपटली तर सीनियर येईल, म्हणून दोघं टाच हवेतच थांबवायचे. पंधरा दिवसांत तो आमच्याइतकाच चपळ झाला. त्याच्या बदल्यात तो कोर्समेटला फुटबॉलच्या मैदानावर पळवायचा. आधार खरा असा मिळतो. इंग्रजीचे, गणिताचे जादा तास असतात, शिक्षक चांगले असतात, पण रात्रीचा तो कोर्समेट नसला तर परदेशी मुलगा तीन वर्षं एकटाच राहतो. तुमचा भाचा असा कोर्समेट दिसतो, त्याला माझा सलाम सांगा.

नागपूरची_मुक्ता
सर, लिहिलंय ते मनापासून आवडलं. पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. तालिबानचे शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई हे आयएमएतलेच ना? 1982 च्या सुमारास तिथं शिकले, सोबतचे त्यांना 'शेरू' म्हणायचे, हे 2021 मध्ये सगळ्या पेपरांत आलं होतं. आणि ज्या देशांत सैन्यच स्वतःच्या लोकांवर बंदूक रोखतं त्यांचे कॅडेट आपण घ्यावेत का? 2012 मध्ये श्रीलंकेच्या हवाई दलाच्या लोकांना तांबरममध्ये प्रशिक्षण देण्यावरून तमिळनाडूत एवढा विरोध झाला की त्यांना बंगळुरूजवळ येलहंकाला हलवावं लागलं. तिथल्या लोकांच्या भावना खोट्या नव्हत्या. घर, पाहुणचार हे सगळं ठीक, पण आपण कोणाच्या हातात काय शिकवून देतो याचा विचार नको?

खडकवासला_ते_देहरादून
मुक्ताताई, हवाच. तुमचा प्रश्न मी टाळणार नाही.

स्तानिकझाई आले तेव्हा ते अफगाण सैन्याचे कॅडेट होते, तालिबान तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. त्यांची आयएमएतली बटालियन भगत बटालियन, म्हणजे वर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्याच प्रेमिंद्र सिंग भगतांच्या नावाची. माणूस पुढं कुठल्या वाटेला जाईल हे अकादमीच्या हातात नसतं. 1932 ला आयएमएच्या पहिल्या तुकडीत 40 जण होते. त्यातले सॅम माणेकशॉ भारताचे, मोहम्मद मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे सेनाप्रमुख झाले. तेव्हा तिघंही एकाच ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. 1965 ला मुसा पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख म्हणून आपल्याविरुद्ध उभे होते.

पण 31 ऑगस्ट 2021 ला दोह्यात भारताच्या राजदूतांना भेटायला तालिबानकडून आले तेही स्तानिकझाईच. तिथं अडकलेल्या भारतीयांना सुखरूप परत आणायचं बोलणं झालं. त्यांनी केलेलं सगळं यानं धुऊन निघत नाही, असं माझं मुळीच म्हणणं नाही. बोलायला दार उघडं होतं, एवढंच म्हणतो.

कोणत्या देशाचे कॅडेट घ्यायचे हा निर्णय सरकारचा, आणि त्याला जाब विचारायचा हक्क तुम्हाला-मला आहे. लोकांवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीला जागा देऊ नयेत असं माझंही मत आहे. पण एकदा मुलगा आत आला की तो आपला कॅडेट. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा आपल्या अकादमींत अफगाण कॅडेट होते. सकाळी पीटीला गेले तेव्हा त्यांना देश होता, सैन्य होतं. काही दिवसांत ज्या सैन्यात जायचं ते सैन्यच उरलं नाही. पासआउट होऊन जायचं कुठं? त्यातल्या 80 जणांना पुढं आयटेकमधून (परदेशी लोकांना प्रशिक्षण देणारी भारत सरकारची योजना) वर्षभराचा इंग्रजीचा अभ्यासक्रम देऊन भारतात राहू दिलं. हे चांगलं झालं, पण मला ते अपुरं वाटतं. परदेशी कॅडेट घेताना हे आधीच ठरलेलं असावं: त्याच्या देशात उलथापालथ झाली तर त्याची डिग्री पूर्ण कोण करून देणार, त्याच्या घरच्यांशी संपर्क कोण ठेवणार, तो कुठं राहणार. संकट आल्यावर कागद शोधत बसू नये.

नागपूरची_मुक्ता
हे पटलं. धोरणावर माझा आक्षेप कायम आहे, पण मुलावर नाही. ताई, मुलाला नागपूर दाखवायला आणलंत तर दीक्षाभूमीला मी सोबत येईन.

अर्जुनी_मोरगावकर
गोंदिया जिल्ह्यातून लिहितो. गावाची काळजी या मुद्द्यावर बोलतो, कारण आमच्याकडे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग, 1972 पासूनची. सुरुवातीला लोक त्यांना बघायला उभे राहायचे असं आमचे वडील सांगत. आज तिथली माणसं आमच्या बाजारात झाडीबोलीत भाव करतात आणि थंडीत स्वेटर विकायला पार लांबच्या शहरांत जातात. विदर्भाला बाहेरचा माणूस नवा नाही. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात परदेशी मुलं हिंदी शिकतात, सेवाग्रामला तर जगभरचे लोक येऊन गेले.

पण एक खरं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. तिबेटी माणूस आणि आफ्रिकन माणूस यांना आपण सारखं वागवत नाही. काळ्या रंगावरून आपल्याकडे जे बोललं जातं ते आपण स्वतःच्या मुलींनाही ऐकवतो. 2017 मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं होतं, अफवेवरून. गावातली माणसं मनानं चांगली असली तरी तोंडातून शब्द निघतो. "पोरं आहेत, जाऊ द्या" असं म्हणून सोडू नका. मुलगा यायच्या आधीच शाळेत जाऊन मुलांना सांगा: हा सैनिक आहे, अमुक देशाचा आहे, त्याचं नाव असं आहे, त्याला नावानंच हाक मारायची. नाव पाठ झालं की पोरं दुसरं काही म्हणत नाहीत. आमच्या शाळेत एक तिबेटी शिक्षिका आल्या तेव्हा हेडमास्तरांनी असंच केलं होतं.

वेचणीवाली
दादा, तुमचं वाचून मी आणि बहीण दोघी काल शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापिका बाईंनी लगेच ऐकलं. सातवीच्या मुलांनी भिंतीवरच्या नकाशात देश शोधला, त्याची राजधानी वहीत लिहून घेतली. एका पोरीनं विचारलं, "त्यायच्या गावात पण कापूस हाय का?" आता हा प्रश्न तीच त्याला विचारणार आहे.

सासूबाईंना मात्र समजवायला वेळ लागला. त्यांना भीती की तो आपलं जेवण जेवणार नाही आणि उपाशी राहील. भाच्याला फोन लावून दिला. त्यानं सांगितलं की याच्या घरी मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं करतात, हातानं तोडून भाजीसोबत खातात, आणि मेसमध्ये त्याला त्याचीच आठवण येते. सासूबाई म्हणाल्या, "मंग कण्या काय वेगळ्या हायेत? ज्वारीच्या कण्या अन् ताक देईन मी त्याले." त्यांनी जातं काढून घासलं. गिरणीतल्या कण्या बारीक पडतात म्हणतात, घरीच भरडणार आहेत. तिखटाचं तेवढं बघावं लागेल, रस्सा वेगळा काढून ठेवू.

फॉर्म सीचं पण झालं. भावजी यवतमाळला जाऊन विचारून आले, साहेबांनी नीट समजावून सांगितलं. अकादमीची परवानगी यायची आहे.

गणिताचे_सर
ताई, सासूबाईंना माझा नमस्कार. त्यांनी बरोबर धागा पकडला. ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच, तिच्या लागवडीचे सर्वांत जुने पुरावे पूर्व सुदानमध्ये सापडलेत. त्याच सुदानच्या पैशातून त्या मुलाच्या अकादमीची इमारत उभी आहे. वऱ्हाडात ज्वारी कमी होऊन सोयाबीन आलं, ती चुलीवर परत येतेय हे वाचूनच बरं वाटलं.

एक विनंती आहे, परवानगी असेल तरच. दोघं कॅडेट एक दुपार माझ्या मुलांसोबत बसतील का? भाषण नको, स्टेज नको. मुलांनी प्रश्न विचारायचे, इंग्रजीत, मोडक्या का होईना. माझी मुलं इंग्रजी बोलायला घाबरतात कारण समोरचा नेहमी त्यांच्याहून जास्त इंग्रजी येणारा असतो. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही, जो दुसऱ्याच खंडातून येऊन त्याच भाषेत परीक्षा देतोय, त्याच्याशी बोलताना त्यांची भीड चेपेल. एसएसबीच्या क्लासला हजारो रुपये भरून जे होत नाही ते अशा दुपारी होऊ शकतं. मुली पण असतील. 2022 पासून एनडीएत मुलींची भरती सुरू झाली, 30 मे 2025 ला पहिल्या 17 जणी पासआउट झाल्या, तेव्हापासून माझ्या वर्गातल्या तिघी हट्टानं तयारी करताहेत.

कास्तकार_बावा
ताई, त्या दोघायले आमच्या वावरात आणा. उशिरा पेरलेला ज्वारीचा एक तुकडा हाय, हुरडा जमला तर जमला, नाई तर ओला हरभरा नक्की भाजू. संत्र्याची झाडं पण हायेत. मी पुतण्याले बोलावून ठेवतो, तो त्यायच्याशी इंग्रजी बोलन. मटन चालते का तेवढं विचारून सांगजा. आधी मी जागेचं बोललो होतो ते त्या पोट्ट्याच्या कानावर घालू नका.

माजी_सुभेदार
गावाबद्दल लिहितो म्हणालो होतो, ते बरंचसं अर्जुनीच्या दादांनी लिहिलं. माझं थोडं.

मी शांतिसेनेत काँगोत होतो. आमच्या तळाला दुसऱ्या एका आफ्रिकन देशाचा मेजर आला. आमचे साहेब इंग्रजीत सुरू झाले, तर तो सरळ हिंदीत, "साहब, पहले चाय पिलाओ." देहरादूनला शिकलेला निघाला. चहा पिता पिता त्यानं अकादमीबद्दल फार कमी सांगितलं. एका कोर्समेटच्या गावचं सांगत राहिला, हरियाणातलं कुठलं तरी गाव, म्हशी, त्याच्या आईनं दिलेलं तूप. नंतर पावसात रस्ता वाहून गेला तेव्हा आमच्या गाड्यांना वाट त्याच्याच लोकांनी काढून दिली. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये जे लिहिलंय ते मी असं डोळ्यांनी पाहिलंय.

आता सूचना. गावात कोणाला कळलं की सत्काराचा बेत निघेल. शाल, नारळ, बॅनर, पुढाऱ्यांचे फोटो. नम्रपणे नाही म्हणा. मुलगा विश्रांतीला येतोय आणि त्याचे फोटो फिरले तर अकादमीत त्यालाच उत्तर द्यावं लागेल. पोरांना रील काढू देऊ नका, हे भाच्यानंच सांगावं, त्याचं ऐकतील. सरांच्या मुलांसोबत बसायचं असेल तर तेही आधी अकादमीला विचारून. आजारी पडला तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं आणि अकादमीत कोणाला फोन करायचा, हे दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. त्याच्या आईशी व्हिडिओ कॉल करून द्या, गावात नेटवर्क कुठं येतं ते आधी बघून ठेवा. आणि रिकामा बसवू नका. कॅडेटला रिकामं बसवत नाही. वेचणीला न्या, विहिरीवर न्या.

वेचणीवाली
सुभेदार साहेब, नेटवर्क फक्त गच्चीवर येतं, तिथं खाट टाकून ठेवते. नंबर आजच लिहिते.

बावा, मटन चालतं, विचारलं. सर, तुमच्याकडच्या दुपारचं भाचा डिव्हिजनल ऑफिसरांना विचारतोय, उत्तर आलं की कळवते. मुक्ताताई, दीक्षाभूमीचं नक्की, पण नागपूरला जायचं तेव्हा फॉर्म सी परत भरायचा का? त्या रात्री मुक्काम नागपूरलाच होईल.

माजी_सुभेदार
मुक्काम ज्या घरी, त्या घरच्या यजमानानं भरायचा. नागपूरला मुक्ताताईंकडे राहिले तर त्यांनी. दिवसा जाऊन रात्री परत आलात तर लागणार नाही.

नागपूरची_मुक्ता
माझ्याकडेच राहा. मी भरते.